झोपेची पेटी आणि जिऊचा धागा

एका राज्यात कुणालाच झोप येत नव्हती. राजाला येत नव्हती, रंकाला येत नव्हती. पाळण्यातल्या पोराला नाही, गोठ्यातल्या गाईला नाही. झोप चोरीला गेली होती. ती एका लोखंडी पेटीत होती, पेटी गडाच्या चौकात होती, आणि पेटीवर त्रिवक्र नावाचा मांत्रिक मांडी घालून बसला होता.

त्या राज्याचा नियम असा, की राजा निजून उठला की नगारा वाजे, आणि नगारा वाजला की तिथी पालटे. राजा निजेना, म्हणून नगारा वाजेना. सूर्य उगवे, सूर्य मावळे, पण दिवस तोच. विरजण लावले तरी दही लागेना. कळीचे फूल होईना. कोंबडी अंड्यावर बसून बसून कंटाळली, पण पिलू बाहेर येईना. माणसे भिंतीला टेकत, डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांनी जागीच राहत.

आणि ज्या दिवशी हे झाले, त्याच दिवशी जिऊ मेली होती.

म्हणून जिऊ आजच मेली होती. कितीही सूर्य मावळले तरी आजच. नदीकाठी तिच्या चितेची राख अजून ऊन होती, आणि त्या राखेत हात खुपसून तिचा धाकटा भाऊ येसा बसला होता.

जिऊ कोण, ते ऐका.

त्या राज्यात निरोप साळुंक्या नेत. त्यांना माणसासारखे बोलता येई, हीच अडचण होती. वाटेत चार झाडांवर बसून त्या चार जणींना सांगत. राजाचा गुप्त निरोप सरहद्दीवर पोचायच्या आधी भाजीबाजारात पोचे. राजा उदयभान वैतागला. म्हणाला, "डबीत शब्द भरावेत आणि डबीला कुलूप असावे. कुलूप असे, की लावता कुणालाही यावे, उघडता मात्र धन्यालाच." लोहारांनी हात टेकले. तेव्हा सूत कातणाऱ्यांच्या घरची जिऊ म्हणाली, "मी करते."

तिने असे केले. बारा चिंचोके घ्या. चार-चारच्या तीन ओळी लागतात, सहा-सहाच्या दोन लागतात. आता तेरा घ्या. दोन ओळी करा, एक उरतो. तीन करा, एक उरतो. पाच करा, तीन उरतात. काही केल्या तेरा सारखे वाटले जात नाहीत. असल्या संख्यांना जिऊ एकांड्या म्हणे. पंडित मूळ संख्या म्हणत. तेरा ही त्यांतली पोर. एकांड्यांच्या रानात याहून मोठ्या असतात, इतक्या मोठ्या, की मोजणाऱ्याचा जन्म सरावा.

रानातून जिऊ दोन मोठ्या एकांड्या संख्या आणी. त्यांच्या मापाचे दोन धागे काती. धागे असे बारीक, की गडापासून समुद्रापर्यंतची लांबी मिरीच्या दाण्याएवढ्या गुंडीत मावे. मग दोन्हींचा गुणाकार करी, आणि त्या मापाचा तिसरा धागा कुलपाच्या कडीला उघड्यावर लोंबत सोडी. कुणीही पाहावा, कुणीही ओढून मोजावा. तोडला तर तेवढाच पुन्हा उगवे. कुलूप उघडायला मात्र ते पहिले दोनच धागे लागत, आणि लोंबत्या धाग्यावरून ते दोन कोणते हे कुणालाच काढता येत नसे.

"दुधात साखर घालणं सोपं," जिऊ म्हणे. "घातलेली काढून दाखवा बघू!"

तिचा एकच नियम होता, आणि तो ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्यांदा सांगे: एक धागा दोन कुलपांत घालू नये.

एके सकाळी तिने येसासाठी छोटी डबी केली. येसा म्हणाला, "मला कशाला कुलूप? माझ्याकडं गुपित काय आहे?"

"होईल कधीतरी."

"मग उघडायचे धागे दे."

"तुला दिले तर तू पतंगाला बांधशील," जिऊ म्हणाली, आणि ते दोन धागे तिने आपल्या वेणीत गुंफून टाकले. येसा कातलेले सूत धुवायला नदीवर गेला.

तो गेला आणि एक घोड्यांचा व्यापारी दाराशी आला. त्याला लोखंडी पेटीसाठी कुलूप हवे होते, आणि दिवस मावळायच्या आत हवे होते. तो व्यापारी नव्हता, त्रिवक्र होता. मंत्र मंत्राने कापता येतो हे तो जाणून होता. एकांडी संख्या कोणत्याच मंत्राने कापली जात नाही, हेही जाणून होता. जिऊने कुलूप दिले. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने आपले दोन धागे तिथेच गिळले; मंत्राने ते त्याला केव्हाही वर काढता येत. मग जिने ते कातले तिच्या तोंडावर त्याने फुंकर मारली, आणि जिऊ समईसारखी विझली. संध्याकाळी त्याने चौकात पेटी उघडली. साऱ्या राज्याची झोप लावा पक्ष्यांच्या थव्यासारखी फडफडत आली आणि पेटीत शिरली. त्याने कुलूप दाबले. लागले.

"राजा," तो म्हणाला, "सिंहासन दे, झोप घे."

राजाने सिंहासन दिले नाही. पंडितांना बोलावले.

येसा नदीवरून परतला तेव्हा जिऊ जमिनीवर होती, डबी तिच्याशेजारी होती, आणि डबीचे कुलूप लागलेले होते. आढ्यावर जिऊची पाळलेली साळुंकी बसली होती. तिचे नाव ठमा.

"बाई डबीत बोलली," ठमा म्हणाली. "तुझं नाव घेतलं. मग कुलूप दाबलं."

"काय बोलली?"

"पुढचं ऐकलं नाही. मांजर आलं होतं."

येसाने चिता पेटवली. ज्वाळा वर चढल्या तेव्हा त्याला वेणी आठवली. त्याने जाळात हात घातले. लोकांनी त्याला ओढून काढले. धागे जळून गेले. आता जिऊचे शेवटचे शब्द डबीत होते, आणि डबी जगात कुणालाच उघडता येत नव्हती.

त्या लोकांची आणखी एक रीत होती. भावंडांतले एक गेले, की गेलेल्याच्या टाचेपासून डोईपर्यंत सूत मोजून घेत. मागे राहिलेल्याचेही घेत. दोन्ही शेजारी ठेवून लांबातून आखडाएवढे तोडत. मग उरलेले आणि आखूड शेजारी ठेवत, पुन्हा लांबातून आखडाएवढे तोडत. असे करता करता दोन सारखे तुकडे उरत. त्यातला एक नदीत सोडत, एक मागे राहिलेल्याच्या मनगटी बांधत. याला सूत मोडणे म्हणत. सूत मोडले की सुतक फिटे.

जिऊच्या मापाचे सूत गोजरा आत्याने घेऊन ठेवले होते. ती ते घेऊन नदीकाठी आली.

"ऊठ येसा. तुझं माप दे."

"नाही देत."

"रीत आहे, बाबा."

"सूत मोडलं की ती गेली असं होईल."

"अरे, ती गेलीच आहे रे."

"आजच गेलीय! अजून राख ऊन आहे. हात लावून बघ!"

आत्याने राखेला हात लावला नाही. म्हणाली, "घरी टोपलीखाली भाकरी झाकलेली आहे. ती तरी खाशील का?"

"मला डबी उघडायचीय," येसा म्हणाला, आणि उठून पळतच सुटला. तो चालत असा कुठे जातच नसे.

आधी तो कुऱ्हाड घेऊन गडावर गेला. डबी त्याने चौकातल्या दगडावर ठेवली आणि घाव घातला. कुऱ्हाडीचे पाते मेणासारखे वळले. डबीला ओरखडा नाही. पेटीवर बसलेला त्रिवक्र हसला.

"तुझ्या बहिणीचे काम चोख आहे, पोरा. मी साऱ्या पृथ्वीवर शोधून तिच्याकडे आलो होतो."

येसा वळलेली कुऱ्हाड घेऊन त्याच्या अंगावर धावला. त्रिवक्राने बोट उचलले आणि येसा चौकाबाहेर उकिरड्यावर जाऊन पडला.

मग तो पंडितांकडे गेला. पंडित मंडपात बसले होते. पेटीच्या कुलपाचा धागा त्यांनी ओढून आणला होता आणि ते भागाकार करत होते. तिनाने भागून पाहिले, पाचाने, साताने, अकराने, तेराने पाहिले. झोप नसलेल्या डोळ्यांनी ते लाखांच्या घरातल्या संख्यांपर्यंत आले होते. दर वेळी काहीतरी उरे. मुख्य पंडित भूधरभट्टांचे डोळे पेरूच्या गरासारखे लाल झाले होते.

"आचार्य, माझी डबी उघडून द्या."

"बाळ, पेटीच उघडत नाही."

"अजून किती वेळ लागेल?"

भूधरभट्टांनी हिशेब केला. "तो समोरचा डोंगर दिसतो? वर्षातून एकदा त्यावर एक चिमणी येऊन चोच घासते असे समज. डोंगर झिजून संपेल, त्यानंतर थोडा."

"मग करता कशाला?"

"झोप येत नाही, बाळ," भूधरभट्ट म्हणाले. "दुसरे करणार काय?"

ठमा येसाच्या खांद्यावर येऊन बसली. "रानात विचार ना. बाई तिथून आणायची."

एकांड्यांचे रान राज्याच्या टोकाला होते. तिथले कोणतेही झाड दुसऱ्याच्या सावलीत उभे नव्हते आणि कुणाची मुळे कुणाच्या मुळांना लागत नव्हती. कडेच्या झाडाला दोन पाने होती. त्यापुढच्याला तीन, मग पाच, मग सात, मग अकरा. येसा धावत राहिला. पाने वाढत गेली आणि झाडे विरळ होत गेली. एका झाडापासून दुसरे आधी हाकेच्या अंतरावर असे. मग दिवसाच्या वाटेवर दिसू लागले. पण रान संपले नाही. ते संपत नसते.

शेवटी आभाळाएवढे एक झाड आले. येसा त्याच्या बुंध्याला धडकलाच.

"कोण?" झाडाने विचारले.

"जिऊचा भाऊ. ती इथे आली होती?"

"आज आली होती."

"तिने कोणाकोणाची संख्या नेली?"

"जो संख्या देतो त्याची पाने गळतात. बघ."

येसाने पाहिले. दूरवर एक झाड उघडेबोडके उभे होते. त्यापलीकडे दुसरे. फार लांब, उन्हाच्या झळांत, तिसरे. चौथ्याच्या शोधात तो दूरदूर फिरला. जुनी वाळलेली खोडे खूप होती, पण आजची ओली जखम असलेली तीनच.

"तीनच नेल्या?"

"तीनच."

"त्यांना किती किती पाने होती?"

"पाने वाऱ्याने नेली. आम्ही एकांडे. शेजाऱ्याची पाने मोजत नाही."

येसाने झाडाला लाथ मारली. झाडाचे काही बिघडले नाही. पायाचे नख मात्र उडाले.

परतीच्या वाटेवर ठमा बराच वेळ गप्प होती. साळुंकीसाठी हे फार झाले. मग म्हणाली, "दोन कुलपं. एकेकाला दोन धागे. म्हणजे चार झाले ना?"

"तुला मोजता येतं?"

"चारापर्यंत येतं. माझे पाय दोन, तुझे दोन."

"मग झाड खोटं बोललं!" येसा ओरडला. "सगळे खोटं बोलतात!"

तो सरळ नदीवर गेला. राख ऊन होती. त्याने डबी राखेत ठेवली, तिच्यावर डोके टेकले, आणि कुलपाला कान लावला. आतून काहीच ऐकू येत नव्हते. लोंबता धागा त्याच्या बोटांभोवती गुंडाळला गेला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या राज्यात वेळ जात नव्हता. गोजरा आत्या आली आणि त्याच्याशेजारी बसली. तिच्या डोळ्यांखाली वांग्याच्या रंगाची वर्तुळे होती.

"कुऱ्हाड झाली?"

"झाली."

"पंडित झाले?"

"झाले."

"रान?"

"तेही झालं." येसाने डबी उराशी धरली. "आत्या, तिनं माझं नाव घेतलं. पुढं काय म्हणाली, एवढंच मला पाहिजे. दुसरं काही नको."

आत्या म्हणाली, "माझा भाऊ गेला तेव्हा, तुझा बाप रे, मीही सूत मोडू देत नव्हते. जिऊ एवढीशी होती. ती म्हणाली, आत्या, सूत मोडतात ते तोडायला नाही गं. दोघांत सारखं काय होतं ते शोधायला मोडतात."

 येसाने चटका बसलेले हात पुढे केले आणि ताठ उभा राहिला.

आत्याने त्याचे माप घेतले. दोन्ही सुते वाळूवर शेजारी ठेवली. जिऊचे सूत चौऱ्याऐंशी बोटे भरले, येसाचे एक्क्याण्णव. "उंटच आहेस," आत्या म्हणाली. जिऊ त्याला तेच म्हणे. आत्याने लांबातून आखडाएवढे तोडले. सात बोटे उरली. मग चौऱ्याऐंशीतून सात बोटे तोडली, पुन्हा सात, पुन्हा सात. येसा बघत होता. शेवटी वाळूवर दोन तुकडे उरले, सात बोटांचे, अगदी सारखे.

"एवढं तुम्हा दोघांत एक होतं," आत्या म्हणाली. "हे सात बोटं तिच्यातही पुरतं बसतं, तुझ्यातही. काही उरत नाही."

येसा त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग बोटांभोवतीच्या धाग्याकडे बघितले. मग एकदम उभा राहिला.

"तीन झाडं!"

"काय रे?"

"झाड खोटं नव्हतं बोललं! कुलपं दोन आणि झाडं तीन. एक धागा दोन्हीकडं आहे, आत्या! दोघांत सारखा आहे!"

आणि तो पळाला. सात बोटांचे सूत मनगटाला बांधायचेही राहिले. आत्या ते हातात घेऊन मागून धावली.

चौकात त्रिवक्र तसाच बसला होता. येसाने पेटीच्या कुलपाचा धागा धरला आणि ओढायला लागला.

"ओढ, ओढ," त्रिवक्र म्हणाला. "साऱ्या राज्याने ओढून झाला."

येसाने तो गडाच्या दरवाजातून ओढला, डोंगरावरून ओढला, नदीपलीकडे नेला. डबीचाही नेला. ठमाने एक टोक चोचीत धरले आणि ती क्षितिजापर्यंत जाऊन आली. जागे लोक घराघरातून बाहेर आले. येसाने दोन्ही धागे कुलपांपासून तोडून शेजारी ठेवले, कुलपांना तेवढेच पुन्हा उगवले, आणि त्याने लांबातून आखडाएवढा तोडला.

"हे काय करतो आहे?" राजा उदयभानाने विचारले.

"सूत मोडतोय, महाराज," आत्या धापा टाकत म्हणाली.

उरलेला आखडाशेजारी. पुन्हा तोडला. पुन्हा शेजारी. क्षितिजापर्यंत गेलेले धागे डोंगरापर्यंत आले. डोंगरापर्यंतचे नदीपर्यंत आले. चुलीवर ठेवलेले दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्रिवक्र आधी हसत होता. मग नुसताच बघत होता. मग पेटीवरून खाली उतरला.

येसाच्या हातात दोन धागे उरले. अगदी सारखे.

"खोटे!" त्रिवक्र म्हणाला. "ती असे करणार नाही. तिचे काम चोख असे. जगभर तिचे नाव आहे!"

येसाने एक धागा भूधरभट्टांच्या हातात दिला. "आचार्य, आता याने भागा."

भूधरभट्टांनी पेटीच्या धाग्याला त्या धाग्याने भागले. सगळे पंडित श्वास रोखून वाकले होते. काहीच उरले नाही.

म्हाताऱ्या आचार्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागले. "कशाने भागायचे ते कळले की भागाकार गोड लागतो रे!" ते म्हणाले, आणि लगेच डबीच्या धाग्यालाही भागून मोकळे झाले. दुसरे धागे हाती आले. दोन पेटीचे, दोन डबीचे. त्यांतला एक दोन्हींचा.

"पेटी!" राजा म्हणाला. "आधी पेटी उघड!"

"आधी डबी, महाराज," येसा म्हणाला. राजा मागे सरला. त्याला बहीण होती.

येसाने दोन धागे डबीच्या कुलपात सरकवले. कुलूप टिचकी वाजावी तसे उघडले. आणि त्या चौकात, साऱ्या जाग्या राज्यासमोर, जिऊ बोलली.

"येशा, भाकरी टोपलीखाली झाकलीय, मुंग्या लागायच्या आत खा. आणि ऐक, कुणाला सांगू नको हां. हा घोडेवाला दारात बसून बोंबलतोय, रानात दुसरं झाड मिळालं नाही, उन्हानं पाय भाजले माझे. म्हणून तुझ्या डबीतलाच एक धागा त्याच्या कुलपात घातला. मीच सगळ्यांना शिकवते, घालू नये म्हणून. घातला. तुझ्या डबीत असणार काय, चिंचा आणि भोवरा! उद्या तुझा बदलते. उद्या नक्की. हसू नकोस, उंटा."

शब्द संपले. एकदा बाहेर आलेले शब्द डबीत परत जात नाहीत. डबी रिकामी झाली.

येसा तिच्याकडे बघत राहिला. 

त्रिवक्र हळूच त्याच्याजवळ आला. त्याचा आवाज आता मऊ होता.

"पोरा, ही पेटी उघडलीस की सारे निजतील. राजा निजेल, उठेल, नगारा वाजेल. मग ती काल मेलेली होईल. मग परवा. मग गेल्या वर्षी. आज ती आजची आहे. राख ऊन आहे. दोन धागे माझ्या हातात दे, आणि ती कधीच कालची होणार नाही."

येसाने मुठी आवळल्या. धागे मुठीत होते. जमलेल्या लोकांत एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोर रडून रडून आवाज बसल्यामुळे नुसतेच तोंड उघडत होते.  

"दे," त्रिवक्र म्हणाला.

"ती म्हणाली, उद्या बदलते," येसा म्हणाला.  "उद्या नक्की म्हणाली. उद्या आलाच नाही, तर बदलायचा कसा?"

आणि त्याने पेटीच्या कुलपात दोन्ही धागे घातले.

पेटीचे झाकण उडाले. लाव्यांचे थवेच्या थवे वर निघाले आणि ज्याची झोप त्याच्याकडे गेली. कडेवरचे पोर मानेवर कलंडले. राजा सिंहासनाच्या पायरीवर निजला. पंडित एकमेकांच्या मांडीवर निजले, भूधरभट्ट निजेतही पुटपुटत होते, "काही उरले नाही." त्रिवक्राने पळायला पाऊल उचलले आणि उचलल्या पावलानिशी पडला. शेकडो वर्षे तो निजला नव्हता; ती सारी राहिलेली झोप एकदम त्याच्यावर येऊन बसली होती.

येसाच एकटा उभा होता. त्याची झोप त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत होती आणि तो तिला हाताने हाकलत होता. आत्याने, निजता निजता, सात बोटांचे सूत त्याच्या मनगटी बांधले. गाठ बसली. मग येसानेही हात खाली घेतला.

सकाळी नगारा वाजला.

दही लागले होते. फुले उमलली होती. अंड्यातून पिलू बाहेर आले होते. त्रिवक्र उठला तेव्हा त्याला एकही मंत्र आठवेना. राजाने त्याला सूत धुवायच्या कामावर नदीला लावले.

येसा राखेजवळ गेला. राख गार होती. त्याने ती ओंजळीने भरली आणि नदीत सोडली, आणि सुताचा दुसरा तुकडा तिच्यामागे सोडला. मग घरी गेला. टोपलीखालची भाकरी शिळी झाली होती, मुंग्या लागल्या होत्या. त्याने मुंग्या झटकल्या आणि बसून सगळी खाल्ली.

मग तो रानात गेला. धावत नाही, चालत. आभाळाएवढ्या झाडाची त्याने माफी मागितली आणि आणखी पुढे जाऊन, कुणी कधी नेली नव्हती अशी एक संख्या मागून आणली. धागा आत्याकडून कातून घेतला. रिकाम्या डबीच्या कुलपातला जुना धागा काढला आणि नवा घातला. बदलते म्हणाली होती. बदलला.

तेव्हापासून त्या राज्यात कुणीही कुलूप केले, की त्याचा धागा आधी बाकीच्या सगळ्या कुलपांच्या धाग्यांशेजारी ठेवून सूत मोडून बघतात. कुलपाकुलपांत एका बोटाहून जास्त सारखे काही निघाले, तर ते कुलूप वितळवतात. माणसामाणसांत जेवढे जास्त निघेल तेवढे मात्र चांगले मानतात, आणि मनगटी मिरवतात.

लांबातून आखूड गेले, आखडातून आणखी आखूड गेले. जे उरले ती ही गोष्ट. सांगणाऱ्याच्या मनगटी एक गाठ, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झोप. आणि सकाळी नगारा वाजो.